साडेसहा किलोंची सशीण घरी आणताना

मोठ्या जातीचा ससा पाळावा की नाही, अशी विचारणा ओळखीच्या लोकांकडून मला अधूनमधून होते. प्रत्येकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा जानेवारी २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात आमच्याकडे जे घडले, ते खर्चासह आणि क्रमाने लिहून ठेवावे असे वाटले. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला भाड्याच्या घरात राहतो. घरात नवरा, मी आणि शाळेत जाणारी मुलगी, आणि घरामागे लहानसे अंगण. आमच्यापैकी कोणीही याआधी ससा पाळलेला नव्हता. या सगळ्यातून माझे जे मत झाले, ते आरंभीच सांगते. इथल्या दुकानांतले पिंजरे, दारे, बोगदे आणि ट्रे दोन-अडीच किलोंच्या सशाच्या मापाने बनवलेले असतात. त्यामुळे मोठ्या सशाच्या बाबतीत आधी जागा, मग जमीन, मग डॉक्टर आणि सर्वांत शेवटी ससा, हा क्रम मोडून चालत नाही.

ज्याला इथे ‘कॉन्टिनेंटल जायंट’ म्हणतात, त्याचे मूळ बेल्जियममधील फ्लँडर्सच्या फ्लेमिश जायंटमध्ये आणि जर्मनीतल्या त्याच्या भाईबंदांमध्ये आहे. गेन्ट शहराच्या परिसरात मांसासाठी आणि कातड्यासाठी वाढवलेला हा ससा नंतर प्रदर्शनांत गेला आणि तिथून घरांत आला. पूर्ण वाढलेला ससा सहा-सात किलोंचा सहज होतो. डॅरियस नावाच्या इंग्लंडमधल्याच एका सशाची २०१० साली १२९ सेंटिमीटर लांबीसाठी गिनीज बुकात नोंद झाली. अशा विक्रमी सशांची छायाचित्रे पाहूनच अनेकांना हा प्राणी हवासा वाटतो. त्या छायाचित्रांत ससा बहुधा दोन हातांवर लांबच लांब ताणून धरलेला दिसतो. घरी कोणी तसे धरू नये, एवढे इथेच सांगून पुढे जाते; कारण नंतर येईलच.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही जवळच्या एका प्राणी-पुनर्वसन केंद्राचा अर्ज भरला. केंद्रात असलेली मॅबल ही करड्या रंगाची, अंदाजे अडीच वर्षांची मादी होती. टाळेबंदीच्या काळात तिला विकत घेणारे कुटुंब पुढे फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि तिला केंद्रात सोडून गेले. त्या दोन-तीन वर्षांत हौसेने घेतलेले आणि मग नकोसे झालेले प्राणी केंद्रांत इतके साठले होते की अर्जाला उत्तर यायलाच जवळजवळ तीन आठवडे लागले. अर्ज दहा पानी होता. घरात कोण किती वेळ असते, सुट्टीत सशाकडे कोण पाहणार, ससा कुठे राहणार, जागेची लांबी-रुंदी किती, अंगणाचे कुंपण कसले, सशांवर उपचार करणारा डॉक्टर ठरवला आहे का, दुसरा ससा आणण्याची तयारी आहे का, असे प्रश्न त्यात होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू असलेल्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यानुसार पाळीव प्राण्याच्या पाच गरजा भागवणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे: योग्य निवारा, योग्य आहार, नैसर्गिक वर्तनाला वाव, गरजेनुसार सोबत किंवा एकांत, आणि वेदना व रोगांपासून संरक्षण. अर्जातले सगळे प्रश्न या पाच मुद्द्यांभोवतीच फिरत होते. हा कायदा एकदा वाचून मग अर्ज भरायला बसले, तर प्रश्नांचा जाच वाटत नाही.

फेब्रुवारी महिना घरमालकाच्या परवानगीत गेला. आमच्या करारात प्राण्यांना मनाई नव्हती, मात्र लेखी संमतीची अट होती, आणि केंद्रालाही ते पत्र हवेच होते. भाडे पाहणाऱ्या एजन्सीने आधी ‘प्राण्यासाठी वेगळी अनामत’ मागितली. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून लागू झालेल्या भाडेकरू शुल्क कायद्याप्रमाणे, वार्षिक भाडे पन्नास हजार पौंडांच्या आत असेल तर एकूण अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही, आणि आमची तेवढी आधीच भरलेली होती. हे मी ईमेलमध्ये शांतपणे लिहिले, सोबत शेडचा आराखडा जोडला आणि घर सोडताना अंगण पूर्ववत करून देण्याची हमी दिली. अखेर महिन्याच्या भाड्यात वीस पौंडांची वाढ मान्य करून पत्र मिळाले. अशा पत्रात नुसते ‘पाळीव प्राणी’ असे न लिहिता ‘दोन ससे आणि काढता येण्याजोगी लाकडी शेड’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, म्हणजे दुसऱ्या सशाच्या वेळी पुन्हा तेच सव्यापसव्य करावे लागत नाही.

मार्चमध्ये जागेचे काम सुरू झाले. ब्रिटनमधल्या रॅबिट वेल्फेअर असोसिएशनने दोन सशांसाठी सुचवलेले किमान माप तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच असे आहे, आणि ही सगळी जागा सशांना रात्रंदिवस सलग मोकळी असली पाहिजे. दुकानात ‘सशाचे घर’ म्हणून मिळणारी सहा फुटी लाकडी पेटी या मापाच्या जवळपासही जात नाही. मॅबल तिच्यात आडवी झाली असती तर वळायलाही जागा उरली नसती. आम्ही आठ बाय सहा फुटांची बागेतली वापरलेली शेड दीडशे पौंडांना घेतली आणि तिला जोडून तीन बाय दोन मीटरचे जाळीबंद आवार केले. जाळी जाड तारेची, सांधे जोडलेली घ्यावी; कोंबड्यांसाठीची पातळ षटकोनी जाळी कोल्हा दातांनी फाडतो, आणि आमच्या गल्लीत कोल्हे रोज रात्री फिरतात. खाली फरश्या घातल्या, कारण ससा आतून खणतो आणि कोल्हा बाहेरून. शेडमधून आवारात जायला मांजरासाठी मिळणारे झुलते दार तिला अपुरे पडले असते, म्हणून मध्यम आकाराच्या कुत्र्याचे दार बसवले. शेडसह एकूण खर्च पाचशे वीस पौंडांच्या आसपास गेला, तोही नवऱ्याने सुतारकाम स्वतः केले म्हणून.

जमिनीबद्दल मला जरा थांबून लिहायचे आहे, कारण मोठ्या सशाच्या दुखण्यांचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. कुत्र्यामांजरांच्या पावलांना असते तशी गादी सशाच्या पावलांना नसते. तिथे फक्त दाट केस असतात. सहा-सात किलोंचे वजन कडक, ओल्या किंवा तारेच्या जमिनीवर सतत पडले की मागच्या टाचांवरचे केस झडतात, कातडे लाल होते आणि पुढे जखम होऊन जंतुसंसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. शेडच्या लाकडी तळावर आम्ही रबरी चटया, त्यावर जुनी सतरंजी आणि त्यावर वाळलेल्या गवताचा जाड थर घातला. घरातल्या गुळगुळीत लॅमिनेटवर तिचे पाय घसरतात, म्हणून बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत चटयांची वाट केली. दर रविवारी तिच्या टाचा तपासणे हे मुलीचे काम. केसांत रुपयाएवढी टक्कल पडलेली दिसली की लगेच सांगायचे, असे तिला बजावले आहे.

त्या काळात केंद्रात मॅबलची नसबंदी झाली. मादी सशांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो, म्हणून शस्त्रक्रियेला पर्याय नव्हता. पण धाकधूक होतीच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पाहणीत भूल किंवा गुंगी दिल्यानंतर दगावण्याचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, तर सशांत १.३९ टक्के आढळले होते. ती आकडेवारी बरीच जुनी आहे, शिवाय तिच्यात आजारी ससेही होते; धडधाकट सशाचा धोका याहून कमी असतो, असे केंद्राच्या डॉक्टरांनी समजावले. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी त्याला उपाशी ठेवायचे नसते, उलट शुद्धीवर येताच त्याने खायला हवे. औषधाचे प्रमाण वजनावर ठरते. मोठ्या सशाचे वजन अंदाजाने धरणारा दवाखाना टाळावा. आम्ही आमचा कायमचा दवाखाना निवडताना फोनवर तीनच प्रश्न विचारले: महिन्याला साधारण किती सशांच्या शस्त्रक्रिया करता, उपाशी ठेवता का, आणि रात्री तातडीची वेळ आली तर कुठे पाठवता. पहिल्या दोन ठिकाणी दुसऱ्याच प्रश्नाला ‘हो, आदल्या रात्रीपासून’ असे उत्तर आले, तेव्हा आभार मानून फोन ठेवला.

शनिवार, १ एप्रिल २०२३ रोजी आम्ही मॅबलला घरी आणले. दत्तक शुल्क ऐंशी पौंड होते आणि त्यात नसबंदी, लसीकरण व मायक्रोचिप धरलेली होती. एवढ्या रकमेत तो खर्च निघत नाही हे उघड आहे, म्हणून आम्ही थोडी देणगी वेगळी दिली. सशांना चिप सक्तीची नाही, पण बसवलेली असेल तर चिपच्या नोंदवहीत मालकाचे नाव आणि पत्ता बदलून घेणे आवश्यक असते. ते काम केंद्र करते असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते ऑनलाइन जाऊन आपणच करायचे असते. तिला आणायला मध्यम कुत्र्यासाठीचा प्रवासी पिंजरा लागला. केंद्रातल्या कार्यकर्तीने उचलण्याची रीत दाखवली: गुडघे टेकून जमिनीजवळ बसायचे, एक हात छातीखाली, दुसरा हात मागच्या पायांसह पूर्ण बुडाखाली, आणि सशाला स्वतःच्या अंगाला घट्ट लावायचे. सशाच्या मागच्या पायांचे स्नायू दणकट आणि हाडे मात्र हलकी असतात. मागचा भाग लोंबकळत राहिला आणि त्याने जोरात लाथ झाडली, तर त्याचाच कणा कमरेशी मोडू शकतो. मोठ्या सशात हा जोर आणि हे वजन दोन्ही जास्त, म्हणून आम्ही तिला शक्यतो उचलतच नाही. पिंजऱ्याचे दार उघडून कोथिंबीर आत ठेवली की ती आपणहून आत जाते.

पहिले काही दिवस ती शेडच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसे. एवढे मोठे धूड पाहून माणसाला वाटते की हा प्राणी निर्धास्त असेल, पण ससा कितीही वाढला तरी तो शिकार होणाराच प्राणी, आणि वरून येणारा हात त्याला घारीसारखाच वाटत असावा. आम्ही जमिनीवर पालथे पडून पुस्तक वाचत बसायचो. ती यायची, चपलेला हनुवटी घासून आपली खूण लावायची आणि परत जायची. शौचाचे वळण तिला लवकर लागले. दुकानातला कोपऱ्यात बसवायचा तिकोनी ट्रे तिच्या पार्श्वभागाला कसाबसा पुरला असता; त्याऐवजी पलंगाखाली ठेवायचा प्लास्टिकचा मोठा उथळ खोका घेतला, त्यात कागदाच्या गोळ्या आणि एका टोकाला गवताचा ढीग. ससे खाता खाता शौच करतात, त्यामुळे गवत तिथेच ठेवणे हेच सगळे प्रशिक्षण.

आईला व्हिडिओ कॉलवर मॅबल दाखवली तेव्हा तिने तिचे नाव परस्पर ‘माई’ करून टाकले आणि पहिला प्रश्न विचारला, “अगं, ही दिवसाला किती गाजरं खाते?” गाजरात साखर बरीच असते, ते आमच्याकडे आठवड्यातून एकदा, बोटाच्या पेराएवढे. सशाच्या आहाराचा चार पंचमांशाहून अधिक भाग गवताचाच असावा लागतो, कारण त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते गवत चघळल्यानेच झिजतात, शिवाय आतड्यांची हालचालही त्या तंतूंवरच चालते. आम्ही दुकानातल्या लहान पिशव्या सोडून जवळच्या शेतातून गवताचा गठ्ठा आणतो. सात-आठ पौंडांत तो बरेच दिवस पुरतो, मात्र धुळीचा किंवा बुरशीचा वास आला तर घेऊ नये. दाणेदार पेलेटच्या पिशवीवर दर किलो वजनामागे २५ ग्रॅम असे प्रमाण छापलेले होते, म्हणजे मॅबलला दिवसाला सुमारे १६२ ग्रॅम झाले असते. ती वजनदार असल्याने डॉक्टरांनी ते शंभरवर आणले. पालेभाज्यांसाठी मी भारतीय दुकानातून कोथिंबिरीच्या जुड्या आणते आणि अंगणातल्या सिंहपर्णीची (डँडेलियनची) पाने धुऊन देते. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला आणि ऱ्हुबार्बची पाने तिच्या वाऱ्यालाही ठेवायची नाहीत. पोळीचा तुकडासुद्धा नाही, हे घरी येणाऱ्या पाहुण्यांना दारातच सांगावे लागते. ससा रोज किलोमागे ५० ते १५० मिलिलिटर पाणी पितो, म्हणजे मॅबलसाठी उन्हाळ्यात एक लिटरपर्यंत. ते जड चिनीमातीच्या वाडग्यात ठेवतो, कारण बाटलीच्या नळीतून एवढे पाणी चाटणे तिला जमत नाही.

विम्याचा निर्णय मी एप्रिलमध्येच घेतला होता. महिन्याला अठरा पौंड, पहिले ९९ पौंड आपले, लस आणि दातांचे नेहमीचे काम वगळलेले, आणि पहिल्या चौदा दिवसांतले आजारपण ग्राह्य नाही, अशा अटी होत्या. जुलैच्या अखेरीस त्याचा उपयोग झाला. एका संध्याकाळी मॅबलने कोथिंबिरीकडे पाहिलेसुद्धा नाही. ट्रेमध्ये सकाळपासूनच्या लेंड्या बारीक आणि मोजक्या होत्या, आणि ती पोट जमिनीला दाबून, डोळे अर्धवट मिटून बसली होती. सशाचे खाणे थांबले की आतडी मंदावतात, आतडी मंदावली की वायू साठून दुखते, आणि दुखले की तो आणखी खात नाही. हे चक्र काही तासांत जिवावर बेतू शकते, म्हणून ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ हा विचार सशाच्या बाबतीत करायचा नसतो. रात्री साडेदहाला आम्ही रात्रपाळीच्या दवाखान्यात पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी आधी तापमान घेतले, मग आतड्यात अडथळा आहे की नुसती मंदी आहे हे ठरवण्यासाठी रक्तातली साखर तपासली आणि क्ष-किरण चित्र काढले, कारण अडथळा असेल तर उपचाराची दिशाच बदलते. अडथळा नव्हता. वेदनाशामक, आतड्यांना चालना देणारे औषध आणि कातडीखाली सलाइन देऊन तिला रात्रभर ठेवून घेतले. त्या रात्री माझी मुलगी मोटारीत एक शब्द बोलली नाही, आणि मीही तिला धीर देण्याजोगे काही बोलू शकले नाही. सकाळी सातला फोन आला की तिने चार लेंड्या टाकल्या आहेत. लेंड्यांची बातमी ऐकून डोळ्यांत पाणी येईल, असे मला कोणी आधी सांगितले असते तर मी हसले असते.

बिल ६१२ पौंड झाले. विमा कंपनीने दाव्याबरोबर मॅबलचा ‘संपूर्ण पूर्वेतिहास’ मागितला. आमच्याकडे येण्यापूर्वीचा इतिहास केंद्राकडे, आणि केंद्रापूर्वीचा कोणाकडेच नव्हता. शेवटी केंद्राने ‘आमच्या ताब्यात आल्यापासूनच्या नोंदी’ असे पत्र दिले आणि पैसे सप्टेंबरच्या मध्यात मिळाले. दत्तक घेतानाच हे पत्र मागून ठेवणे सोपे पडते. त्या प्रसंगानंतर घरी पिचकाऱ्या, पाण्यात कालवून भरवायची पूड, तापमापक आणि स्वयंपाकाचा नव्हे तर बाळांचा वजनकाटा, एवढे सामान एका डब्यात कायम असते. काटा दहा किलोंच्या पुढे मोजणारा घ्यावा.

सप्टेंबर २०२३ च्या पहिल्या पंधरवड्यात इंग्लंडमध्ये सलग सात दिवस कुठे ना कुठे पारा तीस अंशांच्या वर होता. आपल्याकडच्या माणसाला तीस अंशांचे काय कौतुक, पण सशाला नीट घाम येत नाही. तो मुख्यतः कानांतून उष्णता बाहेर टाकतो, आणि शरीर जितके मोठे आणि लठ्ठ तितके त्याला ते अवघड जाते. पंचवीस अंशांच्या पुढे मॅबल धापा टाकू लागते. त्या आठवड्यात ती घरातच, पडदे ओढलेल्या खोलीत, गार फरशीवर होती. बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून जवळ ठेवल्या आणि कानांना ओला हात फिरवला. बर्फगार पाणी अंगावर ओतणे मात्र घातक. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा शेपटीखालचा भाग तपासावा लागतो, कारण ओलसर किंवा मळलेल्या केसांत हिरव्या माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरतात. लठ्ठ सशाला तिथपर्यंत तोंड पोचवून स्वच्छता करता येत नाही, म्हणून वजन आटोक्यात ठेवण्याचा आग्रह. नाशिकच्या मावसभावाने याच सुमारास असा ससा घ्यावा का असे विचारले, तेव्हा मी त्याला सरळ नको म्हटले. भारतात ग्रे जायंट, व्हाइट जायंट अशा मोठ्या जाती पाळल्या जातात हे खरे. पण केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे सशांवरचे दक्षिणेतले केंद्र कोडाईकॅनॉलजवळ मन्नवनूरच्या थंड डोंगरात आहे, आणि नाशिकचा एप्रिल-मे तसा नाही. चोवीस तास वातानुकूलित खोली देण्याची तयारी असेल तरच पुढचे बोलावे.

ऑक्टोबरमध्ये जोडीदार आला. एकटा ससा ठेवू नये हा केंद्राचा आग्रह होता आणि आमच्या दत्तक करारातही सहा महिन्यांत जोडी करण्याचे कलम होते. नसबंदी झालेला, सव्वादोन किलोंचा, एक कान पडलेला नर मुलीने निवडला आणि त्याचे नाव पिंट्या ठेवले. आकारात एवढा फरक चालतो का, अशी मला शंका होती. चालतो, दोघांचीही नसबंदी झालेली असली की आकारापेक्षा स्वभाव महत्त्वाचा ठरतो. आधी जाळीच्या दोन बाजूंना ठेवून एकमेकांचे ट्रे आणि अंथरुणे बदलली. मग मॅबल कधीही गेली नव्हती अशा माडीवरच्या रिकाम्या खोलीत दोघांना सोडले. खोलीत दोन तोंडे असलेले पुठ्ठ्याचे खोके आणि गवताचे अनेक ढीग ठेवले, म्हणजे कोणी कोपऱ्यात अडकत नाही आणि खाण्यावरून भांडण होत नाही. पाठलाग करणे, अंगावर चढणे, थोडे केस ओढणे हे होऊ द्यायचे. दोघे एकमेकांभोवती गरगर फिरू लागले किंवा चावे बसू लागले, तर मध्ये केरसुणी घालायची, हात नव्हे. मॅबल पिंट्यावर चढली की तिचे वजन त्याच्या पाठीवर जास्त वेळ राहू देत नव्हतो. पहिल्या दोन रात्री आम्ही पाळीपाळीने त्या खोलीत गादी टाकून झोपलो. तिसऱ्या दिवशी दुपारी पिंट्याने मॅबलपुढे मान खाली घातली, आणि बऱ्याच विचाराअंती तिने त्याचे कपाळ चाटले.

नोव्हेंबरात पाच तारखेच्या इथल्या ‘गाय फॉक्स नाइट’ची आतषबाजी आणि लगेच बाराला दिवाळी आली. दोन्हींचे फटाके मिळून इथे पंधरवडाभर आवाज चालतात, आणि घाबरलेला ससा खाणे सोडतो, म्हणून दोघांनाही घरात घेतले, रेडिओ चालू ठेवला आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही फुलबाज्यांवरच भागवले. डिसेंबरात पुण्याला जायचे होते. इंग्लंडमध्ये कुत्र्यामांजरांना सांभाळणाऱ्या व्यवसायाला २०१८ च्या नियमांप्रमाणे परवाना लागतो, सशांसाठी तशी सक्ती नाही. त्यामुळे जागा स्वतः पाहून घेणे हाच उपाय. जोडीमागे दिवसाला सोळा पौंड, लसीकरणाचे प्रमाणपत्र आवश्यक, आणि मॅबलच्या मापाची खोली एकच असल्याने नाताळसाठी ती आम्ही ऑगस्टमध्ये राखून ठेवली होती. भारतात जाण्याचे तिकीट काढण्याआधी सशांची जागा पाहणे, हा आमच्या घराचा आता नियमच झाला आहे.

मार्च २०२४ मध्ये दोघांची वार्षिक लस झाली. नोबिव्हॅक मिक्सो-आरएचडी प्लस या एकाच लसीत मिक्सोमॅटोसिस आणि रक्तस्रावी रोग (आरएचडी) या सशांच्या दोन जीवघेण्या विषाणुजन्य रोगांपासून संरक्षण मिळते, आणि त्यात रक्तस्रावी रोगाचे दोन्ही प्रकार येतात. मिक्सोमॅटोसिस ब्रिटनमध्ये १९५३ साली पोचला आणि पिसवा व डासांमार्फत पसरतो. रक्तस्रावी रोगाचा दुसरा प्रकार २०१० साली फ्रान्समध्ये प्रथम सापडला. ससा दोन किलोंचा असो वा सात, मात्रा अर्धा मिलिलिटरच, ही या सगळ्या खर्चात मॅबलच्या आकाराने न वाढलेली एकमेव गोष्ट. बाकी महिन्याचा हिशेब असा: गवत आणि ट्रेचे सामान पस्तीस पौंड, पेलेट बारा, पालेभाजी तीस, विमा दोघांचा मिळून चौतीस. एप्रिलमध्ये विम्याच्या नूतनीकरणात मॅबलचा हप्ता वाढला.

महाकाय ससे लहान जातींपेक्षा कमी जगतात. लहान ससे आठ ते बारा वर्षे, तर हे साधारण पाच ते आठ. हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा आजार आणि सांधेदुखी यांवर मोठ्या जातींत विशेष लक्ष ठेवावे लागते, म्हणून चौथ्या वर्षापासून मॅबलची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी असे डॉक्टरांनी सुचवले आहे. त्यातली पहिली ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरली होती. मधल्या काळात नखे घरीच कापतो. पिंट्याची नखे पांढरी असल्याने त्यातली रक्तवाहिनी दिसते. मॅबलची काळी आहेत, त्यामुळे एकाने मागून टॉर्च धरायचा, नखातली गडद रेघ कुठे संपते ते पाहायचे आणि तिच्यापुढे दोन-तीन मिलिमीटर सोडून कुत्र्यासाठी मिळणाऱ्या कात्रीने कापायचे; सशांसाठीची कात्री त्या नखांना पुरत नाही.